एकाच छताखाली : ऐंशीच्या दशकातले बाजूला पडलेले हिंदी चित्रपट

ऐंशीच्या दशकातल्या समांतर हिंदी सिनेमाचा विषय निघाला की 'अर्धसत्य', 'जाने भी दो यारों' आणि 'मिर्च मसाला' या नावांवर गाडी येऊन थांबते. ते चित्रपट त्या मानाचे आहेतच. पण त्याच दहा वर्षांत, बहुतांशी त्याच नटमंडळींना घेऊन, असे काही चित्रपट निघाले जे जवळजवळ सगळेच्या सगळे एका इमारतीत घडतात. कुठे बंगला, कुठे पडका वाडा, कुठे चाळ, कुठे होस्टेल, तर कुठे एक टेबल आणि बारा खुर्च्या मावतील एवढीच खोली. पैसा तुटपुंजा होता आणि चार ठिकाणी युनिट हलवणं परवडत नव्हतं. या अडचणीतून ज्या दिग्दर्शकांनी घरालाच पात्र करून टाकलं, त्यांचे चित्रपट आज चाळीस वर्षांनीही टवटवीत आहेत. ज्यांनी घराचा उपयोग नुसत्या आडोशासारखा केला, त्यांचे चित्रपट चित्रित केलेल्या नाटकासारखे दिसतात. इथली मतं याच एका कसोटीवर दिली आहेत.

सुरुवात 'पार्टी'पासूनच करायला हवी, कारण या सगळ्यांत तोच वरचढ आहे. गोविंद निहलानींचा हा १९८४चा चित्रपट महेश एलकुंचवारांच्या त्याच नावाच्या मराठी नाटकावरून घेतलेला आहे. साहित्यिकांना जवळ करणाऱ्या दमयंती राणे (विजया मेहता) या श्रीमंत बाईंच्या बंगल्यावर दिवाकर बर्वे (मनोहर सिंग) या नाटककाराला पुरस्कार मिळाल्याबद्दल मेजवानी आहे. नाटककार, नट, होतकरू कवी, डावी विचारवंत तरुणी, घरोब्यातले डॉक्टर अशी सगळी जमात जमली आहे आणि सगळ्यांच्या तोंडी एका गैरहजर माणसाचं नाव आहे. अमृत हा कवी शहर सोडून आदिवासींमध्ये काम करायला गेलाय. तो तिथे नसूनही रात्रभर कुणालाच स्वस्थ बसू देत नाही.

निहलानी मुळात कॅमेरामन. 'अंकुर', 'निशांत', 'मंथन', 'भूमिका' हे श्याम बेनेगलांचे चित्रपट त्यांनीच टिपले होते आणि 'पार्टी'चं छायाचित्रणही त्यांचंच आहे. त्याचा फायदा जागोजागी दिसतो. एका घोळक्यातलं बोलणं चालू असताना त्याच चौकटीत मागे दुसरा घोळका दिसतो, त्यातला एखादा माणूस निसटून तिसरीकडे जातो आणि कॅमेरा त्याच्या मागोमाग सरकतो. अर्ध्या तासात बंगल्याचा नकाशा डोक्यात पक्का बसतो. कोण कुणापासून लांब उभं आहे, कोण कुणाला टाळून दारापर्यंत जातंय, हे संवादाशिवाय कळत राहतं. म्हणूनच हा चित्रपट दोनदा पाहावा. पहिल्यांदा पुढच्या माणसाचं ऐकायचं, दुसऱ्यांदा मागच्या माणसाकडे बघायचं. दुसऱ्या खेपेला बर्वेंची बायको मोहिनी जिथे जिथे मागे उभी आहे, ती प्रत्येक चौकट तपासून पाहा. नट म्हणून नाव कमावता कमावता नवऱ्याच्या सावलीत विरून गेलेली ही बाई रोहिणी हट्टंगडींनी केली आहे. हातातला पेला, खांद्यावरून घसरणारा पदर आणि हसू थोडं जास्तच वेळ चेहऱ्यावर ठेवायची तिची सवय, एवढ्यावर त्यांनी भूमिका उभी केलीय. तिची चढत जाणारी नशा दाखवायला त्यांना एकदाही जीभ जड करून बोलण्याची युक्ती वापरावीशी वाटत नाही. या कामासाठी त्यांना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि तो शंभर टक्के रास्त होता.

उणीव उत्तरार्धात आहे. ओम पुरींचा पत्रकार अविनाश अमृतची बातमी घेऊन येतो आणि कलावंताने राजकारणात उतरावं की नाही यावर वाद पेटतो. वाद जोरकस आहे, ओम पुरी तर आतून धगधगत बोलतात, पण इथे माणसं एका जागी बसतात आणि कॅमेरा बोलणाऱ्याकडून ऐकणाऱ्याकडे एवढंच करत राहतो. ज्या घराने तोवर निम्मी गोष्ट सांगितली, ते घर वीसेक मिनिटं गायब होतं. रंगमंचावर हा भाग चालून जातो, कारण तिथे सगळे सतत दिसत असतात. पडद्यावर मात्र जो चौकटीत नाही तो त्या क्षणापुरता अस्तित्वातच राहत नाही. शेवट याची पुरती भरपाई करतो. नसीरुद्दीन शाह यांना इथे काही क्षणांचंच काम आहे, पण ते क्षण अंगावर येतात. शेवट काय आहे ते आधी कुठे वाचू नका.

'पार्टी' ही एनएफडीसीची (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाची) निर्मिती. या संस्थेने २०१२च्या सुमारास आपले जुने चित्रपट दुरुस्त करून 'सिनेमाज ऑफ इंडिया' या नावाने डीव्हीडीवर आणायला सुरुवात केली. त्या मालिकेतली प्रत मिळाली तर दुसरीकडे बघूही नका. इंटरनेटवर फिरणाऱ्या बऱ्याच प्रती जुन्या टीव्ही प्रक्षेपणावरून किंवा व्हिडिओ कॅसेटवरून उचललेल्या असतात आणि त्यात दोन दोष हमखास सापडतात. एक म्हणजे जुन्या चौकोनी टीव्हीसाठी केलेलं चित्र आजच्या रुंद पडद्यावर ताणून बसवलेलं असतं. गोल गोष्ट बघा: पेल्याची कड, घड्याळाची तबकडी, दिव्याचा गोळा. ती अंडाकृती दिसली तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्र ४:३ करा. दुसरा दोष वाईट, कारण त्यावर घरी इलाज नाही. तेच चित्र रुंद पडद्यात बसावं म्हणून वरून आणि खालून कापलेलं असतं. श्रेयनामावलीची वरची ओळ कडेला चिकटली किंवा उभ्या माणसांची डोकी सतत छाटली जात असली की समजावं, प्रत कापलेली आहे. 'पार्टी'सारख्या चित्रपटात मागची माणसं चौकटीच्या वरच्या तिसऱ्या भागात असतात. ती कापली गेली की निम्मा चित्रपट गेला.

प्रतीच्या बाबतीत सगळ्यात नशीबवान ठरला तो मृणाल सेन यांचा 'खंडहर' (१९८४). तो जपून दुरुस्त केला गेला आणि २०१०मध्ये फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाच्या 'क्लासिक्स' विभागात दाखवला गेला. प्रेमेंद्र मित्र यांच्या 'तेलेनापोता आविष्कार' या बंगाली कथेवर तो बेतला आहे. शहरातले तीन मित्र दोन दिवस काढायला एका पडक्या जमीनदारी वाड्यात येतात. त्यातला सुभाष (नसीरुद्दीन शाह) फोटोग्राफर आहे. वाड्याच्या एका कोपऱ्यात जामिनी (शबाना आझमी) आपल्या आंधळ्या, अंथरुणाला खिळलेल्या आईला सांभाळत राहते. आई निरंजन नावाच्या तरुणाची वाट बघतेय. जामिनीशी लग्न करीन असा शब्द देऊन तो गेला, तिकडे त्याचं लग्नही झालं, पण म्हातारीला ते ठाऊक नाही. पावलांचा आवाज ऐकून तिला वाटतं, निरंजन आला. सुभाष तिची समजूत खोडून काढत नाही.

एवढ्याशा ऐवजावर सेन यांनी पावणेदोन तास तोलून धरले आहेत, ते वाड्याच्या बळावर. के. के. महाजनांचा कॅमेरा पडक्या भिंती सुंदर करून दाखवत नाही, आणि हीच या छायाचित्रणाची मोठी गोष्ट आहे. पडझडीचं सौंदर्य शोधतो तो सुभाष. त्याच्या कॅमेऱ्याची खटखट ऐकू आली की आपल्याला तो वाडा त्याच्या डोळ्यांनी दिसतो. बाकी वेळी तिथे जामिनीचा संसार दिसतो: पाणी भरणं, पायऱ्या चढणं, आईचं अंथरूण सारखं करणं. हा फरक ध्यानात ठेवून पाहिलंत तर सुभाषच्या शेवटच्या दृश्याला केवढी धार आहे ते कळेल. शबाना आझमींचं त्या दशकातलं हे सर्वोत्तम काम आहे, 'अर्थ' या चित्रपटातल्या कामापेक्षाही. आवाज चढवायची एकही संधी त्यांना इथे दिलेली नाही. दिग्दर्शन, अभिनेत्री आणि संकलन असे तीन राष्ट्रीय पुरस्कार या चित्रपटाला मिळाले. खटकतात ते पंकज कपूर आणि अन्नू कपूर यांचे सुरुवातीचे गप्पांचे प्रसंग. मित्रांची थट्टामस्करी लिहिलेली वाटते, झालेली वाटत नाही. पहिली वीस मिनिटं दम धरा.

श्याम बेनेगलांचा 'त्रिकाल' (१९८५) हा या यादीतला सगळ्यात श्रीमंत चित्रपट आणि घरी पाहायला सगळ्यात अवघडही. १९६१ सालचा गोवा, मुक्तीच्या तोंडावरचे दिवस. सौझा-सोआरिश घराण्याचा कर्ता पुरुष वारलाय आणि त्याची बायको डोना मारिया (लीला नायडू) ते मानायला तयार नाही. नातीची सोयरीक ठरलीय, ती सुतकात अडकलीय. रात्री मोलकरीण मिलाग्रेनियाला माध्यम करून मृतात्म्याला बोलावणं चालतं आणि नवऱ्याऐवजी भलतेच लोक हजर होतात: त्या घराण्याने ज्यांच्यावर अन्याय केला ते. इतिहासाचा हिशेब मागायला भूत थेट दिवाणखान्यात आणून बसवायचं, ही कल्पना बेनेगलांनी अगदी सरळ, कसलाही धक्कातंत्राचा आव न आणता राबवली आहे. चित्रीकरण लोटली गावात, व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांच्या वडिलोपार्जित घरात झालं. कुठल्याही सेटवर असा जिना, अशी जमीन आणि खिडक्यांतून येणारा असा उजेड मिळाला नसता.

रात्रीचे प्रसंग अशोक मेहतांनी मेणबत्त्यांच्या उजेडाचा आधार घेऊन टिपले आहेत. फिल्मवर हे करणं किती जिकिरीचं ते समजून घेतलं तर पाहण्याची मजा वाढते. उजेड इतका कमी असला की भिंगाचं तोंड पूर्ण उघडं ठेवावं लागतं, मग चित्र स्पष्ट दिसतं तो पट्टा जेमतेम काही इंचांचा उरतो. नटाने मान जराशी पुढे केली की डोळे धूसर होतात. म्हणून या प्रसंगांत माणसं फारशी हलत नाहीत आणि बोलताना एका रेषेत बसलेली असतात. बेनेगलांनी ही तांत्रिक सक्ती सुतकातल्या घराच्या ताठरपणात अशी मिसळून टाकली आहे की ती सक्ती वाटतच नाही. घरी पाहताना गोची होते ती अंधाराची. कमी दर्जाच्या स्ट्रीमिंगमध्ये गडद भागातली माहिती सगळ्यात आधी कापली जाते, त्यामुळे भिंतीवरच्या सावल्यांचे चौकोनी ठोकळे पडतात आणि ज्योतीभोवतीचा उजेड वर्तुळावर्तुळांनी तुटक दिसतो. हा चित्रपट फोनवर बघू नका. टीव्हीवर 'व्हिव्हिड' मोड बंद करून 'सिनेमा' किंवा 'मूव्ही' मोड लावा, हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा, खोलीतले दिवे घालवा. ब्राइटनेस वाढवायचा मोह टाळा. त्याने अंधार उजळत नाही, फक्त राखाडी होतो.

चित्रपटाची अडचण म्हणजे माणसांची गर्दी. पहिल्या पंधरा मिनिटांत इतके नातेवाईक येऊन जातात की कोण कुणाचा जावई ते समजेपर्यंत पुढची भानगड सुरू होते. सोपा उपाय असा की सुरुवातीच्या अंत्यविधीच्या प्रसंगात फक्त तीन माणसं पकडून ठेवा: डोना मारिया, नात ॲना आणि तरुण रुईझ. प्रौढ रुईझ (नसीरुद्दीन शाह) हाच निवेदक असल्यामुळे बाकीचे आपोआप जागेवर येतात. पोर्तुगीज वळणाची ही मंडळी शुद्ध हिंदीत बोलतात तेही काही जणांना खटकतं. ते कानाआड करता येतं. डबिंग मात्र कानाआड करता येत नाही. जेवणाच्या टेबलाच्या पलीकडच्या टोकाचा माणूसही कानाशी बोलल्यासारखा ऐकू येतो आणि एवढ्या मोठ्या खोलीचा घुमारा कुठेच नाही. त्या काळी आपल्याकडे सर्रास वापरला जाणारा ॲरिफ्लेक्स २सी कॅमेरा चालताना खडखडाट करायचा, म्हणून आवाज नंतर स्टुडिओत भरण्याची पद्धतच पडून गेली होती. घरात घडणाऱ्या चित्रपटाला हा दोष जास्त बोचतो, कारण घर डोळ्यांइतकंच कानांनीही ओळखायचं असतं. एवढं असूनही बेनेगलांना यासाठी मिळालेला सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार योग्य माणसाला मिळाला असंच म्हणावं लागेल. आणि लीला नायडू! पडद्यावर इतक्या कमी वेळा दिसलेल्या या अभिनेत्रीने नुसत्या बसण्यातून अख्खं घर ताब्यात ठेवलंय.

अमोल पालेकरांच्या 'अनकही'कडे (१९८५) मराठी प्रेक्षकाने तरी दुर्लक्ष करू नये. चिं. त्र्यं. खानोलकरांच्या 'कालाय तस्मै नमः' या नाटकावरून तो घेतला आहे. ज्यांचं भाकीत कधी चुकत नाही अशा ज्योतिषी वडिलांनी (श्रीराम लागू) मुलाची पत्रिका पाहून सांगितलंय की त्याची पहिली बायको बाळंतपणात जाईल. मुलाचं (पालेकर) सुषमावर प्रेम आहे. तिला वाचवायचं म्हणून तो आधी मनाने अधू असलेल्या इंदूशी (दीप्ती नवल) लग्न करतो. म्हणजे एका बाईला जगवायला दुसरीचा बळी, आणि हे सगळं सुशिक्षित, सभ्य, हळू आवाजात बोलणाऱ्या घरात. खानोलकरांच्या लेखनातलं हे क्रौर्य पालेकरांनी अजिबात बोथट केलेलं नाही. लागूंनी ज्योतिष्याला भोंदू केलं असतं तर काम सोपं झालं असतं. त्यांनी त्याला आपल्याच विद्येला घाबरणारा माणूस केलाय, त्यामुळे वडील आणि मुलगा समोरासमोर येतात ते प्रसंग फार जड होतात. घराचा वापर मात्र बेताचाच आहे. देवघर आणि वडिलांची खोली सोडली तर बाकीचं घर लक्षातही राहत नाही.

जयदेव यांचं संगीत आणि पंडित भीमसेन जोशींचा आवाज हा 'अनकही'चा ठेवा. 'रघुवर तुमको मेरी लाज' आणि 'ठुमक ठुमक' ही भजनं चित्रपट न पाहिलेल्यांनाही पाठ असतात. पण प्रत पारखून घ्या. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चालतो आणि आपल्याकडची जुनी टीव्ही पद्धत २५ची. टीव्हीसाठी उतरवलेल्या प्रतीत चित्रपट जवळपास ४ टक्के वेगाने पळतो आणि आवाजाची पट्टी अर्ध्या स्वराच्या पाऊण हिश्शाइतकी वर चढते. भीमसेनजींचा आवाज पातळ, घाई झाल्यासारखा वाटला तर कान खोटं सांगत नाहीत. ध्वनिमुद्रिकेवरचं तेच भजन शेजारी लावून ताडून पाहा. लांबीवरूनही अंदाज येतो: दोन तासांचा चित्रपट अशा प्रतीत ११५ मिनिटांच्या आसपास संपतो. व्हीएलसीसारख्या प्लेअरमध्ये वेग ०.९६ करून चालवता येतं, मात्र तेव्हा पट्टी कायम ठेवण्याची सोय बंद करायची. ती चालू राहिली तर वेग सुधारतो आणि सूर चढलेलाच राहतो.

बासु चटर्जींचा 'एक रुका हुआ फैसला' (१९८६) इतका लाडका आहे की त्याच्याविषयी नाराजीने लिहिणं अनेकांना पटणार नाही. खुनाच्या खटल्याचा निकाल ठरवायला ज्यूरीतले बारा नागरिक एका खोलीत बसतात, ही त्याची गोष्ट '१२ अँग्री मेन' या १९५७च्या अमेरिकन चित्रपटावरून जवळजवळ जशीच्या तशी उचललेली आहे. मूळ चित्रपटात सिडनी ल्युमेट यांनी खोली हळूहळू आवळत नेली: सुरुवातीला रुंद भिंगं आणि डोळ्यांच्या वर कॅमेरा, पुढे लांब भिंगं आणि खाली आलेला कॅमेरा, त्यामुळे शेवटी छत अंगावर येतं. हिंदीत ही शिस्त दिसत नाही. कॅमेरा बोलणाऱ्या माणसाला गाठतो आणि तिथेच राहतो. खोलीचा उकाडा संवादातून कळतो, चित्रातून कळत नाही. आणखी एक मूलभूत घोळ आहे. नानावटी खटल्यानंतर भारतात ज्यूरी पद्धत मोडीत निघत गेली आणि १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागाच उरली नाही. १९८६ साली बारा नागरिक असे खोलीत बसून खुनाचा निकाल लावूच शकत नव्हते. चित्रपट याचा उल्लेखही न करता पुढे जातो.

तरीही तो शेवटपर्यंत बघवतो, तो नटांमुळे. पंकज कपूर तेव्हा जेमतेम तिशीत होते आणि मुलाने दुखावलेल्या बापाचा सगळा कडवटपणा त्यांनी खांदे आणि मान यांतून काढलाय. त्यांचा सूर पहिल्याच मिनिटाला इतका वर लागतो की पुढे जायला जागा कमी उरते, ही तक्रार खरी. पण शेवटच्या फुटण्याच्या प्रसंगात ते जो श्वास रोखतात त्यासाठी ती माफ. अन्नू कपूर त्यांच्याहूनही लहान, आणि ते म्हातारा झालेत. त्यांचा हात पाण्याच्या पेल्यापर्यंत कसा जातो ते बघा. के. के. रैना मात्र खरे आधारस्तंभ. एकट्याने 'निर्दोष' म्हणणारा माणूस त्यांनी शहाणा किंवा थोर केला नाही, फक्त अस्वस्थ केला. ज्यांना मूळ चित्रपट माहीत नाही त्यांनी हा आधी पाहावा. उलट क्रमाने पाहिलं तर हिंदी चित्रपटावर अन्याय होतो.

मुंबईच्या चाळीवरचा सईद अख्तर मिर्झा यांचा 'मोहन जोशी हाजिर हो!' (१९८४) हा कसोटीला पूर्ण उतरणारा चित्रपट आहे, कारण इथे इमारत हाच खटल्याचा विषय आहे. म्हातारं जोडपं, भीष्म साहनी आणि दीना पाठक, डागडुजी न करणाऱ्या मालकाला कोर्टात खेचतं. भीष्म साहनी म्हणजे 'तमस'चे लेखक. पडद्यावर काम करण्याचा सराव नसलेला त्यांचा चेहरा इथे फार कामी आलाय. नसीरुद्दीन शाह आणि सतीश शाह यांचे वकील पैसे उकळत राहतात, रोहिणी हट्टंगडी समोरच्या बाजूच्या वकील, अमजद खान घरमालक. गळणारं छत, सुटलेलं प्लास्टर, टेकू दिलेल्या तुळया ही सगळी यादी पुराव्यासारखी पुन्हापुन्हा समोर येते. न्यायाधीश पाहणीला येणार म्हटल्यावर मालकाची माणसं रातोरात टेकू लावून, रंग फासून इमारत सजवतात तो प्रसंग या दशकातल्या उत्तम प्रसंगांपैकी एक आहे. तिथे टेकूंची जागा नीट लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आक्षेप मजकुराबद्दल आहे. मिर्झांनी सगळं पाप मालक आणि वकिलांच्या माथी मारलंय. मुंबईतल्या जुन्या इमारती कुजल्या त्यामागे १९४७चा भाडे नियंत्रण कायदाही होता. भाडी १९४० सालच्या पातळीवर गोठलेली, त्यात दुरुस्तीचा खर्च निघेना, म्हणून मालकाने हात वर केले आणि भाडेकरूला दुसरीकडे जाणं परवडेना. अमजद खानचा मालक लोभी आहे यात शंका नाही, पण हा पेच दाखवला असता तर तो नुसता खलनायक न राहता अधिक भीतीदायक झाला असता. कोर्टातले विनोदी प्रसंगही जरा जास्त ताणले आहेत. दुसऱ्या तासातली एखादी तारीख कमी झाली असती तरी चाललं असतं. जुन्या प्रिंटवरून उतरवलेल्या प्रतीत सगळं गुलाबी दिसलं तर तो दिग्दर्शकाचा प्रयोग समजू नका. त्या काळच्या रंगीत प्रिंटमधला निळसर रंग आधी उडतो आणि तांबूसपणा मागे राहतो. अशा प्रतीत चाळीच्या भिंतीवरची ओल आणि रंग वेगळे ओळखताच येत नाहीत.

केतन मेहतांचा 'होली' (१९८४) हेही एलकुंचवारांचंच नाटक, पण मूळ एकांकिका. होळीची सुट्टी नाकारल्यावर कॉलेजच्या होस्टेलमधली मुलं बिथरतात, दिवसभरात बेशिस्तीची हिंसा होते. 'कयामत से कयामत तक'च्या चार वर्षं आधीचा आमिर खान आणि दिग्दर्शक व्हायच्या आधीचा आशुतोष गोवारीकर या घोळक्यात आहेत. शोधायला गेलात तर सापडतील, पण त्यासाठी हा चित्रपट पाहू नका. पाहायचा तो त्यातल्या लांबच लांब शॉटसाठी. ३५ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यात ४०० फूट फिल्मची थैली साडेचार मिनिटांच्या आत संपते, १००० फुटांची सुमारे अकरा मिनिटांत. एवढ्या वेळात पाच-दहा मुलांना व्हरांडा, जिना, खोली असं फिरवत न चुकता परत आणायचं म्हणजे कवायत हवी. बऱ्याच ठिकाणी ती जमली आहे आणि तिथे होस्टेलचा कोंडमारा अंगाला जाणवतो. जमली नाही तिथे मुलं आपल्या वाक्याची वाट बघत उभी असलेली दिसतात. आरडाओरडा अति आहे, प्राध्यापकांची पात्रं तोंडी लावण्यापुरती आहेत. शेवटचा अर्धा तास मात्र इतका निर्दय आहे की त्यापुढे हे दोष किरकोळ ठरतात.

विधु विनोद चोप्रांचा 'खामोश' (१९८५) कसोटीत पूर्णपणे बसत नाही, कारण पहलगामचा निसर्ग त्यात भरपूर आहे. पण तिथे मुक्कामाला आलेलं शूटिंगचं युनिट आणि त्यातला खून म्हणजे बंद घराचीच रचना. शबाना आझमी, अमोल पालेकर आणि सोनी राझदान स्वतःच्या नावाने वावरतात, बिनोद प्रधान यांचा कॅमेरा आणि रेणू सलूजा यांचं संकलन दोन्ही त्या काळच्या हिंदी रहस्यपटांच्या कितीतरी पुढे आहे. खुनी कोण ते सराईत प्रेक्षक आधी ओळखेल, त्याने बिघडत नाही. ज्यांना समांतर सिनेमा म्हटलं की जांभई येते त्यांना आधी हा दाखवावा, मग 'मोहन जोशी', आणि कान तयार झाले की 'पार्टी'. 'खंडहर' आणि 'त्रिकाल' लागोपाठच्या रात्री पाहू नका. दोन्ही संथ आहेत, दोन्हींत मोडकळीला आलेलं घर आहे, आणि दुसऱ्या दिवशी कुठला जिना कुठल्या वाड्यातला याचा घोळ होतो. 'होली' आणि 'पार्टी' मात्र जवळजवळ पाहिले तर एकाच नाटककाराच्या दोन बंद जागा दोन दिग्दर्शकांनी कशा उघडल्या ते लख्ख दिसतं.